खिशातले हात

७ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. भांडण कागदावर करायची रीत आपल्या घरात बाबांनी लावली ती बरीच म्हणायची. तेव्हा हे भांडणाचं पत्र आहे असं समजूनच वाचा.

रविवारी तुम्ही दोघं बाळाला बघायला आलात. इतक्या लांबून, दोन गाड्या बदलून. आम्ही सकाळपासून दाराकडे डोळे लावून होतो. तुम्ही तर चपला काढायच्या आधीच तिला उचललंत. आणि दादा? दादा दारात उभा, दोन्ही हात पँटच्या खिशात. बायकोनं मुलीला त्याच्यापुढे धरलं तर तो चक्क एक पाऊल मागे सरला. ‘सर्दी झालीय’ म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवायला बस म्हटलं तर भूक नाही. चहाचा कप बायको हातात द्यायला गेली तर ‘तिथे कठड्यावर ठेव’ म्हणाला. माझ्या घरी येऊन माझा सख्खा भाऊ पाहुण्यापेक्षा परका वागला.

तुम्ही गेल्यावर बायको रडली. सासूबाई म्हणाल्या, ‘मुलगी झाली ना, म्हणून असेल.’ मी त्यांच्यावर खेकसलो. पण वहिनी, तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात घुमतंय. आडपडदा न ठेवता सांगा, मुलगी झाली म्हणून का?

ता. क. लेथ मशीनच्या पाण्यात मिसळायचा आमच्या कंपनीच्या कूलंटचा नवा डबा पाठवलाय. रागावलो म्हणून दादाच्या लेथचा डबा बंद करण्याइतका मी हलका माणूस नाही.

तुमचा,
धाकटा


२० जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी तुमच्या सासूबाईंना मनातल्या मनात चार शब्द सुनावले, मग तुम्हाला आठ.

आमच्या घरात पाळणा हलला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा की मुलगी अशी आवडनिवड करायला आधी ताट पुढ्यात यावं लागतं. ह्यांना तुमच्या मुलीचा तिटकारा? अहो, परतीच्या गाडीत हे दुसरं काही बोललेच नाहीत. नाक आईच्या वळणावर गेलंय म्हणाले. झोपेत हसते म्हणाले. गॅलरीतून काचेआडून बघत होते ते तुम्हाला दिसलं नाही, इतकंच.

सर्दीच होती. एवढंसं बाळ, उगाच कशाला धोका पत्करा? आणि हात खिशात होते ते थंडीमुळे. तुम्ही लहानपणापासून राईचा पर्वत करण्यात हुशार, तेव्हा आता तो पर्वत उतरा आणि जाऊबाईंना सांगा, रडायचं काम नाही.

डबा पोचला. लगेच टाकीत ओतलासुद्धा. तुमचा डबा आला की ह्यांना स्फुरण चढतं. लेथवर ते दुधासारखं पांढरं पाणी धो धो सुटलं की येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, ‘भावाचा माल!’ पूर्वी विकतचं आणायचे तेव्हा वाटीनं मोजून घालायचे. तुमचं घालताना म्हणतात, ‘घरचं आहे, हात आखडता कशाला?’

मागचं लिंबाचं झाड मात्र वाळलं. पाणी घालून घालून मी थकले. कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.

तुमची,
वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

पाळण्याचं वाक्य वाचून मान खाली गेली. सासूबाईंचं बोलणं मी तुमच्यापर्यंत पोचवायलाच नको होतं. चुकलो. तो विषय संपला.

आता एक काम. लहान कारखान्यांत आमचं कूलंट कसं चालतं, याचं एक माहितीपत्रक कंपनी छापतेय. मी साहेबांना मोठ्या तोंडानं सांगून बसलोय, की माझा भाऊ आमच्या पट्टीतला नंबर एक टर्नर आहे आणि तो आमच्याशिवाय दुसरा डबा वापरत नाही. तर दादाचा एक फोटो पाठवा. लेथपाशी उभा, डबा दोन्ही हातांत धरलेला. हसणं जमलं तर हसलेला. महिनाअखेर हवाय. नाही म्हणू नका, तिथे माझ्या शब्दाचा प्रश्न आहे.

धाकटा


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

फोटो पाठवलाय. डबा स्टुलावर ठेवलाय. तो तिथे जास्त उठून दिसतो असं फोटोग्राफरचं, म्हणजे माझंच, मत पडलं. हे मागे हात बांधून उभे आहेत, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. हसा म्हटलं, तर त्यांनी जे काही केलं ते तुम्हाला दिसतंच आहे. चालवून घ्या.

बाळ मान धरायला लागलं का?

वहिनी


२ मार्च

दादा,

हे पत्र तुला आहे. वहिनींना मध्ये घालू नकोस.

साहेबांनी फोटो बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘भाऊ रागावलेत का तुमच्यावर?’ लोक हसले. डबा नुसता हातात धरायलाही तुला कमीपणा वाटतो? माझ्या मुलीला हात लावायचा नाही, माझ्या डब्याला लावायचा नाही, माझ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर द्यायचं नाही. दर वेळी वहिनींनी सारवासारव करायची.

माझी बोटं हातात धरून मला लेथच्या कापायच्या टूलला धार लावायला तू शिकवलंस. मी मशीन सोडून विक्रीच्या कामाला लागलो, हात काळे न करता खातो, याची तुला लाज वाटते का? वाटत असेल तर तोंडावर सांग. डबे पाठवणं बंद करतो आणि येणंजाणंही.

धाकटा


९ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र ह्यांना मी वाचून दाखवलं. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं वाचवलं नसतं. हे उठून लेथपाशी गेले आणि मशीन चालू न करता तसेच उभे राहिले. तेव्हाच ठरवलं की आता सांगायचं. ह्यांनी मला शपथ घातली होती, ती मी मोडतेय.

वर्ष होत आलं, ह्यांच्या हातांची कातडी जातेय. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. मग लाल पुरळ आलं, मग भेगा पडल्या. आता तळव्याची कातडी ओल आलेल्या भिंतीच्या पोपड्यांसारखी सुटते आणि बोट वाकवलं की रक्त येतं. पेन धरवत नाही, म्हणून पत्र मी लिहिते. शर्टाची बटणं मी लावते. तुमच्याकडे जेवले नाहीत ते भूक नव्हती म्हणून नाही. परतीच्या गाडीत मी जेवणाचा डबा उघडून भरवलं तेव्हा लहान मुलासारखे भराभर जेवले. बाळाला घेतलं नाही, कारण म्हणाले, ‘एवढी लोण्यासारखी कातडी तिची आणि माझे हात कानशीसारखे. ओरखडा उठला तर?’

डॉक्टर म्हणाले, हे कुणाला लागत नाही, लेथवरच्या पाण्यानं झालंय, त्यापासून लांब राहा. टर्नरनं त्यापासून लांब राहायचं म्हणजे काय करायचं, ते त्यांनी नाही सांगितलं. कुणाला लागत नाही हे गल्लीला कोण समजावणार? किराणावाला आता सुटे पैसे ह्यांच्या हातावर ठेवत नाही, काउंटरवर सरकवतो.

तुम्हाला का कळवलं नाही ते ऐका. डॉक्टरांनी विचारलं, मशीनवर काय वापरता? ह्यांनी नाव सांगितलंच नाही. जिना उतरताना मला म्हणाले, ‘त्याच्या डब्यानं झालं हे त्याला कळलं तर तो पोर मान वर करणार नाही. कुठे बोलायचं नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डबा ओतला. लाज वाटते त्यांना, भाऊजी, पण तुमची नाही, स्वतःच्या हातांची.

आता माझंही सांगून टाकते. मी गप्प राहिले ते सगळंच काही शपथेमुळे नाही. त्या रविवारी तुमची बेल वाजवायच्या आधी जिन्यात मीच म्हणाले, ‘तिच्या माहेरची माणसं असतील, हात खिशात ठेवा.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ठेवले. तुम्ही त्यांना बोल लावलात तो खरा माझा होता.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. तोंड कुठे लपवू असं झालं. दादाला मी काय काय लिहिलं! ते तुम्ही मोठ्यानं वाचलंत आणि त्यानं ते ऐकलं. मला ते पत्र परत घेता येत नाही.

तुमचं जानेवारीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. ‘घरचं आहे, हात आखडता कशाला?’ वहिनी, त्या कूलंटचा एक भाग आणि पाणी वीस भाग, असं घालायचं असतं. डब्यावर छापलंय. पण भावानं पाठवलेल्या डब्यावरचं कोण वाचत बसतं? जास्त पडलं की ते कातडीतला सगळा ओलावा खेचून घेतं. त्यात टाकी न धुता नुसती भर घालत राहिलं की ते सडतं आणि आणखी बाधतं. हे मी रोज अनोळखी लोकांना सांगत फिरतो, त्याचाच पगार घेतो. दादाला सांगितलं नाही. ज्यानं मला मशीनवर उभं केलं त्याला मी कसं शिकवू, असं वाटायचं. त्याचा मान ठेवतोय, अशी माझी समजूत होती.

आणि टाकीतलं जास्तीचं पाणी कुठे ओतता तुम्ही? मागे, लिंबाच्या बुंध्याशीच ना? मग दृष्ट माझीच लागली म्हणायची.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करवणार नाही. साहेबांकडे जाऊन सांगितलं, फोटो छापू नका, भावाचे हात आपल्या मालानं गेलेत, त्याच्याकडून प्रमाण चुकलं. साहेब म्हणाले, ‘तुमच्या नंबर एक टर्नरला वीसपर्यंत मोजता येत नाही की काय?’ सगळे हसले. वहिनी, मीही हसलो. तोंडातून हसू बाहेर पडलं तेव्हा कळलं की मी हसतोय. हे दादाला सांगू नका. म्हणजे मीच सांगेन, धीर आला की.

तोवर एवढंच करू शकतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात लेथवर पाणी सोडणंच बंद केलंय. बियांपासून काढलेलं साधं तेल, अगदी थेंबाथेंबानं, कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर बारीक फवारून नेमकं टूलच्या टोकावर सोडतात. टाकी नाही, पाणी नाही, सडणं नाही. कापलेल्या लोखंडाचा कीस कोरडा निघतो, हात कोरडे राहतात. दिवसभरात पेलाभर तेलही संपत नाही. ओतीव बिडाच्या कामाला तर तेही लागत नाही, कोरडंच कापतात. कॉम्प्रेसर तुमच्याकडे आहेच. तो फवाऱ्याचा सेट पाठवतोय. आमच्या कंपनीचा नाही, आमचा धंदा बसवणारा आहे. असू दे. आणि टाकीतलं जुनं पाणी आता झाडात नको, गटारातही नको. पिंपात भरून झाकून ठेवा, असं पाणी नेऊन साफ करणारे लोक असतात, मी त्यांना तुमच्याकडे धाडतो.

दादाला वेगळं लिहीन.

धाकटा


३० मार्च

भाऊजी,

सेट आला. ह्यांनी पाण्याची टाकी उपसून धुतली आणि सेट स्वतः बसवला. मी हातमोजे घाला म्हटलं तर ओरडले, ‘फिरत्या मशीनवर मोजा अडकला तर हातच जाईल!’ ते एक बरं झालं, पुष्कळ दिवसांनी आवाज ऐकू आला.

पुढचं ऐका. तेल थेंबभर पुरतं हे मी त्यांना तुमच्या पत्रातून वाचून दाखवलं होतं. तुमच्या साहेबांचा भाग सोडून. पण थेंबावर विश्वास बसेल तर ते तुमचे दादा कसले? ‘त्याला कुणीतरी गंडवलंय, एवढ्यानं काय होतंय?’ म्हणत तेल कमीजास्त करायची चकती पार मोकळी सोडली. शेडमध्ये असा धूर झाला की शेजारचा वेल्डर बादली घेऊन धावत आला. त्याला वाटलं आग लागली. धुरातून हे खोकत बाहेर आले, मिशीला तेल. मला हसू आवरेना, पण ह्यांचा चेहरा बघून आवरलं.

मग दुसऱ्या दिवशी तेल कमी केलं, तर टूल तापलेलं बघवेना. मग्ग्यानं वरून गार पाणी ओतलं. टूलच्या टोकाचा तुकडा उडाला. पुन्हा ओतलं, पुन्हा उडाला. आता सेटवर फडकं टाकून ठेवलंय आणि हे बाकावर बसून आहेत. म्हणतात, ‘मला आता काही जमत नाही.’ ह्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं. पिंपातलं जुनं पाणी परत टाकीत भरायच्या गोष्टी करतायत.

तुम्ही सांगा त्यांना. तुमच्याकडून शिकायचं त्यांना जड जाईल आणि शिकवायचं तुम्हाला. ते तुमचं तुम्ही बघा. माझ्याच्यानं आणखी हात बघवत नाहीत.

वहिनी


५ एप्रिल

दादा,

हे पत्र लिहायला जड जातंय, तरी लिहितो.

चकती बंद कर. पूर्ण बंद. मग अगदी थोडी उघड आणि टूलपुढे कोरा कागद धर. कागदाला तेलाचा नुसता वास लागला आणि अंधुक डाग पडला की थांब. त्याच्या पुढे जायचं नाही. धूर दिसला तर तेल जास्त झालं, आणखी काही नाही. खिडकी उघडी ठेव.

टूल तापेल, तापू दे. तेलाचं काम टूलला अंघोळ घालायचं नाही, घसरू द्यायचं आहे. घासणंच कमी झालं की उष्णता कमी निघते आणि निघते ती बरीचशी किसाबरोबर उडून जाते. तापलेल्या टूलवर गार पाणी म्हणजे गरम काचेच्या ग्लासात बर्फ. तो तडकणारच. तुला जमत नाही असं नाही, दादा. तू दोन पद्धती एकत्र केल्यास. एक धर आणि दुसरी सोड. मग्गा शेडमधून बाहेर काढ. वहिनींकडे दे, त्या परत देणार नाहीत.

हात साध्या साबणानं धू, रॉकेलनं नको. डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि डब्याचं नाव सांग. माझ्या कंपनीचं नाव तोंडानं सांग.

हे सगळं तुला पहिला डबा दिला त्या दिवशी सांगायला हवं होतं. वीस भाग पाणी, एवढे तीन शब्द. तुला शिकवायची मला लाज वाटली आणि त्या लाजेपायी तुझे हात गेले.

मागचं पत्र मी न कळून लिहिलं, त्याची माफी मागतो. पण दुसरं एक कळून केलं. साहेब म्हणाले, तुमच्या भावाला वीसपर्यंत मोजता येत नाही का, आणि मी त्यांच्याबरोबर हसलो. वहिनींना माहीत आहे, त्यांनी तुला वाचून दाखवलं नाही. तू मला हवं ते बोल. बोललास तर बरं वाटेल.

तुझा,
धाकटा


२ जून

धाकट्या,

अक्षर लागत नसेल तर तुझ्या बायकोला दाखव, तिला लागेल. पेन अजून नीट बसत नाही. तुझी वहिनी लिहून देते म्हणाली, मी नको म्हटलं.

कागद धरून बघितला. पहिले काही दिवस तेल जास्तच. मग जमलं. आता कीस इतका कोरडा पडतो की भंगारवाला विचारतो, धुऊन सुकवता काय? चिवट पोलाद आलं की अजून पंचाईत होते, टूलची धार लवकर मरते. तिथे वेग कमी करून बघतोय. तुला काही ठाऊक असेल तर लिही. मला विचारायला आता लाज नाही, थोडी आहे, पण विचारतोय.

पिंप तुझी माणसं घेऊन गेली. लिंबाच्या जागची माती खणून काढली आणि त्यांच्याच गाडीत दिली. काळी पडली होती. माझ्या हाताकडे बघून मला ते आधीच कळायला हवं होतं.

तुझ्या साहेबाला सांग, मला वीसपर्यंत मोजता येतं. विकतचं असताना मोजत होतो. तुझं होतं म्हणून मोजलं नाही. भावाचं कुणी मोजून घेतं का? आता घेतो.

तू हसलास ते वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? दोन दिवस तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मग आठवलं, तू पहिल्यांदा टूलला धार लावताना बोट कापून घेतलंस तेव्हा शेडमधले सगळे हसले होते. मीसुद्धा हसलो होतो. तू रडला नव्हतास. तेव्हा फिटंफाट झाली म्हण.

भेगा भरल्या. बोटं वाकतात. डाग राहतील म्हणतात. कातडी कागदासारखी आहे, पण रक्त येत नाही. किराणावाला अजून पैसे काउंटरवरच ठेवतो. मी हात पुढे करून उभा राहतो. कधीतरी ठेवेल.

पोरीला घेऊन या. डाग बघून रडली तर रडू दे, मी घेणार. स्टेशनवर मीच येईन.

तुझ्या वहिनीनं माझ्या सगळ्या पँटचे खिसे सुईदोऱ्यानं शिवून टाकलेत. आता स्टेशनवर हात बाहेरच असतील. 

दादा